भोपळ्याच्या फुलाची दगडी वाटी

चौतीस वर्षं मी लोकांच्या दातांत भोकं पाडली आणि बुजवली. मग एका शुक्रवारी दवाखान्याच्या किल्ल्या एका तरुण डॉक्टरणीच्या हातात दिल्या आणि नेपरव्हिलच्या आमच्या घरी येऊन बसले. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात मी मिक्सरच्या भांड्याच्या खाचा दात साफ करायच्या आकडीनं कोरून काढायला लागले, तेव्हा मुलीनं फोनवर सांगितलं की आई, तुला काहीतरी हॉबी हवी.

नवरा माझ्या आधी तीन वर्षं रिटायर झाला होता. सिव्हिल इंजिनिअर माणूस, मागच्या अंगणात भाजीचे वाफे करून त्यात रमलेला. तो सहाला उठणार, मी आठला. तो बाराला जेवणार, मी दीडला. भांडण नव्हतं काही; पण एकाच घरातले दोन भाडेकरू असावेत तसं आमचं चाललं होतं.

फेब्रुवारीत मुलगी जर्सी सिटीहून चार दिवस आली आणि मला ओढून शहरात घेऊन गेली. ट्रेनच्या खिडकीबाहेर सगळं पांढरं, स्टेशनवर मिठाचा चिखल. मोठ्या संग्रहालयात ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. मिनोअन लोकांचं काम, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. मुलीला सोन्याचे दागिने बघायचे होते. मी मात्र दुसऱ्याच दालनात एका काचेपुढे अडकले.

आत एक दगडाची वाटी होती. आपण श्रीखंड वाढतो त्यापेक्षा थोडी मोठी, काळपट हिरव्या दगडाची. बाहेरून सहा पाकळ्या उठवलेल्या, प्रत्येकीचं टोक काठापर्यंत आलेलं, जणू फूल नुकतंच उमलतंय आणि त्याच्या पोटात तुम्ही काहीही ठेवा. पण माझं लक्ष पाकळ्यांकडे नव्हतं. मी वाकून वाटीच्या आत बघत होते. तळाशी गोल रेघा होत्या, एकात एक, आणि मधोमध मोडल्याची जराशी खूण. या रेघा मी ओळखत होते; जबड्याच्या हाडात आम्ही पोकळ नळी उतरवतो तेव्हा अशाच उमटतात. पोकळ नळी गोल फिरवत दगडात उतरवली की नळीच्या आत दगडाचा एक दांडा शिल्लक राहतो. तो ठोकून मोडायचा. त्याच मोडण्याची ती खूण. मी कपाळ काचेला टेकवलं तेव्हा रखवालदार बाईंनी मला एक पाऊल मागे व्हायला सांगितलं.

मुलगी शोधत आली. मी तिला भराभर सगळं समजावलं. ती म्हणाली, "आई, यू आर डूइंग अ चेकअप." मग तिनं शेजारची पाटी वाचली. बोरूची किंवा तांब्याची नळी आणि वाळू वापरून ही भांडी कोरत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. अवघड पेशंटचं निदान बरोबर निघावं तसा मला आनंद झाला.

त्यानंतर आम्ही त्या दालनातून हललोच नाही. एका निमुळत्या दगडी भांड्याला खाली बारीक भोक होतं. मुलीला त्याचा उपयोग कळेना. मी म्हटलं, ही तर गळती. आपल्याकडे पिंडीवर टांगतात तशी. एका भांड्याच्या अंगावर ऑक्टोपसनं आपले हात पसरून ठेवले होते, एकावर लिलीची फुलं वाऱ्यानं एका बाजूला कलली होती. एका मोठ्या फोटोत एक काळं, उभट भांडं होतं, त्यावर शेतावरून गात निघालेली माणसं, आणि गाणाऱ्याच्या बरगड्यासुद्धा दिसत होत्या. या लोकांना राजाच्या लढाया कोरण्यात फारसा रस नसावा. जे दारात, शेतात आणि समुद्रात रोज दिसलं, ते त्यांनी दगडात घेतलं.

घरी आल्यावर जेवताना मी नवऱ्याला हे सांगितलं. तो सहसा हं हं करतो. त्या दिवशी त्यानं घास हातात धरून विचारलं की नळी एवढीशी आणि वाटी एवढी रुंद, मग मधला सगळा दगड काढला कसा? त्यानंच उठून एक जुना लिफाफा आणला आणि त्यावर गोल काढले. मधे एक आणि भोवती सहा. एकमेकांना चिकटून सात भोकं पाडली की मधे फक्त पातळ भिंती उरतात, त्या फोडायच्या. आमटी गार होईपर्यंत आम्ही बोलत होतो. मुलगी एकदा माझ्याकडे आणि एकदा बाबांकडे बघत होती.

अशी वाटी आपणच करून बघायची असं ठरलं, आणि दगड कुठून आणायचा, हे मला लगेच सुचलं. गावाच्या पश्चिमेला कबरीचे दगड घडवणारे एक गृहस्थ आहेत. वीस वर्षं ते माझे पेशंट होते. धिप्पाड माणूस, पण खुर्चीत बसले की दोन्ही हातांनी मुठी इतक्या आवळायचे की मला दर वेळी सांगावं लागे, हात सैल सोडा, अजून मी काहीच केलेलं नाही. मी फोन केला तेव्हा ते मोठ्यांदा हसले आणि म्हणाले, आता तुम्ही माझ्या खुर्चीत या.

त्यांनी मला संगजिऱ्याचा एक तुकडा दिला. नखानं ओरखडा उठेल इतका मऊ दगड. शिकाऊ हाताला हाच बरा, म्हणाले. दगडाची धूळ छातीत गेली तर आयुष्यभर निघत नाही, म्हणून कायम पाणी घालत काम करायचं आणि तोंडाला मास्क लावायचा, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मला, जिनं चौतीस वर्षं मास्क लावला. शिवाय दगड वाजवून घ्यायला शिकवलं. बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. चांगला दगड खणखणतो, आत चीर असेल तर बद्द आवाज येतो. माठ घेताना आपण तेच करतो हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांना माठ म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास गेला.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर आम्ही गॅरेजमधली एक गाडी बाहेर काढली. नवऱ्यानं लाकडाची चौकट केली. तिच्यात एक उभा दांडा, दांड्याच्या खालच्या टोकाला हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली तांब्याची नळी, वरच्या टोकावर दाब द्यायला लाकडी ठोकळा. सुताराच्या भोक पाडायच्या सामत्यासारखं धनुष्य लावून फिरवायचा पहिला बेत होता. पण त्यानं दांडा दोन फेरे फिरायचा आणि अडकायचा. मग आम्ही दांड्याला दोरीचे तीन वेढे दिले आणि दोघांनी दोन टोकं धरली. नळीखाली ओली वाळू आणि धार लावायच्या कुरुंद दगडाची पूड. तो ओढायचा, मी ओढायचे.

चार दिवसांत नखाएवढी खाच पडली. दांडा कलायचा, दोरी घसरायची, ठोकळा उडायचा. दगडवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर आमच्या कामाचा आवाज बद्द होता. पाचव्या दिवशी नळी तिरकी गेली आणि दगडाची एक बाजू सरळ उकलून खाली पडली. त्यानं सांगितलं की तू झटका देतेस. मी म्हटलं की तुमची चौकटच वाकडी आहे. त्या दिवशी आम्ही पुन्हा आपापल्या वेळेला जेवलो.

पण मला राहवेना. मी दगडवाल्यांकडून दुसरा दगड आणला. या खेपेला त्यांनी संगजिरं नाही दिलं. काळपट हिरवा, सापाच्या कातडीसारख्या छटा असलेला सर्पेंटाइन दिला; प्रदर्शनातली वाटी ज्या जातीची होती तोच. तो जास्त कठीण आहे, वेळ घेईल, पण असा दगा देणार नाही, असं ते म्हणाले.

आमच्याच गल्लीत दोन घरं सोडून अमरावतीकडचा एक तरुण इंजिनिअर राहतो. त्याची आई सहा महिन्यांसाठी इकडे आली होती. मुलगा-सून दोघं कामावर, नातू शाळेत. या मावशी सकाळी पातळावर स्वेटर आणि पायांत स्पोर्ट्स शूज घालून गल्लीच्या टोकापर्यंत फेऱ्या मारायच्या. "आई घरात खूप बोर होते यार," असं त्यांचा मुलगा एकदा नवऱ्याला म्हणाला होता. गॅरेजचं दार उघडं असल्यामुळे आमचा प्रयोग रस्त्यावरून दिसायचा. तीन सकाळी मावशी ड्राइव्हवेच्या टोकाशी थांबून बघत राहिल्या. मी हात केला की त्या मान हलवायच्या, पण आत येत नव्हत्या.

चौथ्या दिवशी आल्या. चौकटीभोवती एक फेरी मारली. दोरी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तुम्ही दोघंई ओढून राहिले."

मी म्हटलं, ओढल्याशिवाय फिरेल कसं?

"एकानं ओढाचं, तवा दुसऱ्यानं सोडाचं. तुम्ही सोडतच नाई." त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, मास्क बांधून घेतला, आणि माझ्या हातातलं टोक घेतलं. आपल्या घरी त्यांनी लग्न झाल्यापासून मोठ्या रवीनं ताक केलं होतं, समोर नणंद बसायची, असं सांगत त्यांनी नवऱ्याला ओढायला सांगितलं. त्यानं ओढलं. मावशींचा हात दोरीमागे नुसता गेला, जणू कुणी लहान मूल बोट धरून नेतंय. मग त्यांनी ओढलं आणि नवऱ्याला दटावलं की आता हात सैल ठेव, भाऊ. तीन-चार वेळा त्याला जमेना. पाचव्या वेळी जमलं. दांडा सरळ उभा राहिला आणि खालून एकसारखा घर्र-घर्र आवाज यायला लागला.

मग मावशींनी मला त्याच्यासमोर बसवलं. माझ्या व्यवसायात हात कधी सोडायचा नसतो, त्यामुळे मला त्याहून जास्त वेळ लागला. ज्या माणसाला वीस वर्षं मी हात सैल सोडायला सांगत होते, त्याची मला त्या सकाळी मनातल्या मनात माफी मागावीशी वाटली. पण शेवटी लय सापडली. तो ओढतोय हे मला दोरीतून आधी कळायचं, आणि माझा हात आपोआप पुढे जायचा. दांड्यावर ठोकळा धरून मावशी मधेच पाण्याची धार सोडत होत्या आणि तोंडानं अमरावतीच्या उन्हाळ्याचं वर्णन चालू होतं.

आतला पहिला दगडी दांडा सुटायला सहा सकाळी लागल्या. नळी पुरेशी खोल गेल्यावर नवऱ्यानं लाकडी पाचर आत सारली आणि वरून हातोडीचा हलका ठोका दिला. टक् असा आवाज झाला. मी चिमट्यानं उचललं, तर बोटभर लांबीचा, गुळगुळीत, गोल दगड बाहेर आला. मावशींनी तो तळहातावर घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "घ्या, दाढ निघाली." नवरा इतका हसला की त्याला गॅरेजच्या पायरीवर बसावं लागलं. त्याला असं हसताना मी किती दिवसांनी पाहत होते, ते मला सांगता येणार नाही.

असे सात दांडे निघाले. जूनच्या अखेरीस मधल्या भिंती फोडून झाल्या आणि दगडाच्या पोटात एक खडबडीत खळगा तयार झाला. तो ओल्या वाळूनं घासून गुळगुळीत करायचं काम मावशींनी स्वतःकडे घेतलं. दुपारी सून घरी आली की मावशी कुठं आहेत हे तिला आता विचारावं लागत नव्हतं.

आता बाहेरच्या पाकळ्या. मी वहीत कमळ काढलं होतं. फूल म्हटलं की हात कमळाकडेच वळतो. नवऱ्यानं वही पाहिली आणि विचारलं, "कमळ तू शेवटचं कधी पाहिलंस?"

मी आठवायला लागले. खरं कमळ, पाण्यातलं, मी बहुधा कॉलेजात असताना पाहिलं होतं; त्यानंतरची सगळी कॅलेंडरवरची. तो मागच्या अंगणात गेला आणि लाल भोपळ्याचं एक फूल घेऊन आला. हळदीसारखं पिवळं, ओंजळीएवढं, पाच पाकळ्यांचं. प्रत्येक पाकळीच्या मधून एक जाड शीर टोकापर्यंत गेलेली, कडा जराशी दुमडलेली. तीन वर्षं हा माणूस रोज सकाळी या फुलांमधे उभा राहत होता आणि मी खिडकीतूनसुद्धा नीट पाहिलं नव्हतं.

भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. त्यामुळे मला सहाला उठावं लागलं. रोज त्याच्याबरोबर वाफ्यात जायचं, एक फूल घ्यायचं, आणि ते मिटायच्या आत त्याच्याकडे बघत दगडावर रेघा मारायच्या. मावशींना फुलं दिसल्यावर वेगळाच प्रश्न उभा राहिला. त्यांना त्यांची भजी करायची होती. नवऱ्यानं न्याय केला. लांब देठाची नर फुलं खुडली तर भोपळ्याचं नुकसान नाही. त्यातलं एक डॉक्टरीणबाईंना, बाकीची कढईत. जुलैभर आम्ही तिघं सकाळी साडेआठला बेसनातली फुलाची भजी खात होतो. कोलेस्टेरॉलचा विषय कुणी काढला नाही.

पाकळ्या सारख्या मापाच्या याव्यात म्हणून नवरा कोनमापक घेऊन आला. मी नको म्हटलं. हातातल्या फुलाच्या पाकळ्याच सारख्या नव्हत्या. एक दुसरीवर चढलेली, एक जरा मागे सरकलेली. प्रदर्शनातली वाटी आठवून पाहिली, तर तिच्या सहा पाकळ्याही कुठं एका मापाच्या होत्या? ज्यानं ती कोरली त्याच्यासमोरही खरं फूल असणार.

कानस आणि छोट्या टाकीनं काम हळू चाललं होतं. चौथ्या पाकळीला माझा धीर सुटला. दवाखान्यातलं माझं विजेवर फिरणारं हत्यार खोक्यात पडून होतं. एका दुपारी, नवरा दुकानात गेलेला असताना, मी ते काढलं. पाकळीवरची शीर दहा मिनिटांत झाली. सरळ, बारीक, चकचकीत आणि अगदी निर्जीव. ती पुसून काढायला गेले तेव्हा टोक सटकलं आणि पाकळीच्या कडेचा एक टवका उडाला.

मी दगडाकडे पाठ फिरवली. नवरा आला. त्यानं टेबलावरचं हत्यार पाहिलं, उडालेला टवका पाहिला. तो वाफ्यात जाऊन एक फूल शोधून घेऊन आला, ज्याची कड किड्यानं कुरतडली होती. ते माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "हे बघून कर."

मी ते बघून केलं. तुटलेली कड कानशीनं मऊ केली, कुरतडल्यासारखी आत वळवली. दोन दिवस लागले.

ऑगस्टच्या शेवटी वाटी पूर्ण झाली. खोबरेल तेलाचा हात फिरवला तसा करडा पडलेला दगड गडद हिरवा झाला आणि त्यात काळ्या रेघा उमटल्या. दगडवाले बघायला आले. त्यांनी वाटी उचलून आतून अंगठा फिरवला, मग बाहेरून एकेक पाकळी चाचपली. कुरतडलेल्या पाकळीवर अंगठा थांबला. ही सगळ्यात चांगली, असं ते म्हणाले, आणि आत इतकं गुळगुळीत कुणी केलं ते विचारलं. मावशींना मी भाषांतर करून सांगितलं. त्यांनी पदर सावरला आणि आणखी चहा हवा का, हे मराठीतच त्यांना विचारलं. दगडवाल्यांनी हो म्हटलं. आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही, त्यांना काय समजलं ते.

मंडळाच्या गणपतीत आम्ही ती वाटी कलाकुसरीच्या टेबलावर ठेवली. बऱ्याच जणांनी ऑनलाइन कुठं मिळेल म्हणून विचारलं. दर वेळी नवरा उत्साहानं दोरी, नळी, वाळू असं सांगायला लागायचा आणि दर वेळी विचारणारा हळूच उकडीच्या मोदकांकडे सरकायचा. एक तरुण मुलगी मात्र शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि वाटीत बोटं घालून तळाच्या रेघा तिनं स्वतः शोधून काढल्या. त्या आम्ही मुद्दाम तशाच ठेवल्या होत्या.

ऑक्टोबरात मावशी परत निघाल्या. वाटी त्यांना द्यायची, हे आम्ही दोघांनी वेगवेगळं ठरवलं होतं, आणि एकमेकांना सांगायला गेलो तेव्हा कळलं की ते आधीच ठरलेलं आहे. मावशी नाही म्हणाल्या. एवढं दगडाचं ओझं विमानात कशाला, असं त्यांचं म्हणणं. मग संध्याकाळी त्यांचा मुलगा सांगत आला की आईनं बॅग पुन्हा उघडलीय आणि बदामाचे दोन डबे काढून ठेवलेत.

दोन आठवड्यांनी तिकडून फोटो आला. टीव्हीच्या वरच्या शोकेसमध्ये, विणलेल्या रुमालावर, मुलाला शाळेत मिळालेल्या कुठल्याशा कपाशेजारी वाटी बसली होती. नवरा जरा नाराज झाला. भांडं वापरायला पाहिजे, शोकेसमध्ये काय ठेवायचं, असं तो दिवसभर म्हणत होता. मी त्याला म्हटलं, क्रीटच्या त्या माणसाची वाटी तरी कुठं वापरात आहे? त्याला ते पटलं नाही. त्यानं मावशींना फोन लावून निदान दही तरी लावा म्हणून सांगितलं. मावशींनी त्याला ठामपणे सांगितलं की दह्यानं डाग पडतो आणि भजी कशी करायची ते त्यानं विसरू नये.

आता गॅरेजमध्ये बोटं गोठतात, म्हणून चौकट तळघरात आणली आहे. नवा दगड लावलाय. या खेपेला नवरा कोरणार आहे आणि मी फक्त दोरी धरायची, असा करार आहे. त्याला मेथीची पानं हवीत. इतकी बारीक पानं दगडात येणार नाहीत, असं माझं मत आहे आणि ते मी त्याला रोज सांगते. तो ऐकून घेतो, दोरीचं आपलं टोक उचलतो, आणि मी माझं टोक हातात घेईपर्यंत थांबून राहतो.